टिकटिक वाढली म्हणजे काय? पुण्याच्या हवेतला किरणोत्सार मोजायचा कसा आणि लोकांना सांगायचा कसा

२०२५ च्या मे महिन्यातली संध्याकाळ. वळीव धो धो पडून नुकताच थांबला होता. मी पार्किंगमध्ये आमच्या गाडीच्या टपावरचं पाणी टिश्यू पेपरनं टिपून तो टिश्यू पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवी किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर काउंटरखाली धरली. एरवी मिनिटाला बावीसच्या आसपास टिकटिकणारं यंत्र ७१ वर गेलं. दुसऱ्या मजल्यावरचा नववीतला मुलगा शेजारी उभा राहून बघत होता. मी वही काढायला पर्समध्ये हात घातला तेवढ्यात त्यानं फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: ‘मॅडमच्या मशीनवर रेडिएशन तिप्पट!!’

दिवस नेमके कुठले होते ते आठवत असेल: भारत-पाकिस्तान संघर्षाचे. पाकिस्तानात किराना टेकड्यांमध्ये अणुगळती झाल्याचे मेसेज फिरत होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं पाकिस्तानातल्या कुठल्याही अणुकेंद्रातून गळती झालेली नाही असं सांगितलं होतं, पण ते निवेदन फॉरवर्ड करायला वेळ कुणाला होता! दहा मिनिटांत आमचे अध्यक्ष काका छत्री घेऊन खाली.

“अहो मॅडम, हे काय लावलंय? गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करू का?”

“काका, अर्धा तास थांबा. इथंच. आणि आकडे तुम्हीच वाचा.”

अर्ध्या तासानं काकांनी वाचलं ४६, एका तासानं ३५. रोजचे बावीस वजा केले की टिश्यूचे स्वतःचे ठोके उरतात: ४९, मग २४, मग १३. “निम्मं निम्मं होत चाललंय की हो,” काका म्हणाले. तिथंच निकाल लागला. अणुभट्टीतून निसटून शेकडो किलोमीटर वाहत आलेली धूळ अर्ध्या तासात निम्मी होत नाही. अर्ध्या तासात निम्मं होतं ते आपल्या पायाखालच्या जमिनीतून निघालेलं, पावसानं आकाशातून धुऊन खाली आणलेलं.

हे मी छातीठोकपणे सांगू शकले ते यंत्रामुळं नाही, तर ‘रोजचे बावीस’ हा आकडा माझ्या वहीत आधीच्या अकरा महिन्यांचा लिहिलेला होता म्हणून. अफवा आली की यंत्र विकत घेणाऱ्याच्या हाती निव्वळ एक आकडा येतो, आणि नुसत्या आकड्यानं भीती कमी होत नाही, वाढते. म्हणून हा सगळा खटाटोप शांततेच्या काळात करायचा. कसा करायचा ते सांगते.

पहिलं काम: ‘रेडिएशन’ हा शब्द फोडा

आपल्याकडं हा एक शब्द किमान चार कामं करतो. पुण्यातल्या शिमला ऑफिसमधल्या हवामानखात्याच्या माणसाला रेडिएशन म्हटलं की ऊन आठवतं. याच खात्यात पुण्यातून काम केलेल्या अण्णा मणी यांनी १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात देशभर केंद्रं उभी केली, ती सौर प्रारण मोजणारी. सोसायटीच्या वार्षिक सभेत रेडिएशन म्हणजे गच्चीवरचा मोबाइल टॉवर. दवाखान्यात एक्स-रे. आणि बातमीत अणुभट्टी.

टॉवरच्या लहरींत अणूमधून इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ताकद नसते. गायगर काउंटर त्यांची दखलही घेत नाही. आपला विषय आहे किरणोत्सार: अस्थिर अणुकेंद्र फुटतं आणि अल्फा, बीटा किंवा गॅमा किरण बाहेर टाकतं. हवेचं किरणोत्सारी प्रदूषण म्हणजे असे अस्थिर अणू हवेत वायूच्या रूपात किंवा धुळीच्या कणांना चिकटून तरंगत असणं. हा फरक स्वच्छ झाल्याशिवाय पुढं जाऊ नका, नाहीतर प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटी पहिला प्रश्न टॉवरचाच येतो. माझ्या अनुभवानं तो तरीही येतो.

आणखी एक घोळ. हवेची गुणवत्ता सांगणाऱ्या ‘सफर’ ॲपवर हवा हिरवी दिसते, म्हणजे किरणोत्सारही नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. आपल्या देशाचा हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांवरून काढतात. त्यांत शिसंसुद्धा आहे, पण किरणोत्सार नाही. तो बघणारी यंत्रणा वेगळी: भाभा अणुसंशोधन केंद्रानं देशभर उभारलेलं पर्यावरणीय प्रारण निरीक्षणाचं जाळं, ‘आयर्मॉन’.

हवेत मुळात असतं काय

जमिनीत आणि दगडात सगळीकडं थोडं युरेनियम असतं. ते फुटत फुटत दुसऱ्या मूलद्रव्यांत बदलत जातं, त्या साखळीत रेडॉन हा वायू तयार होतो, तो मातीच्या फटींतून वर येतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटून संपायला लागणारा वेळ, ३.८ दिवस. रेडॉन स्वतः वायू, श्वासाबरोबर आत जाऊन परत बाहेरही येतो. खोड काढतात ती त्याची पोरं: पोलोनियम-२१८ (३ मिनिटं), शिसं-२१४ (२७ मिनिटं), बिस्मथ-२१४ (२० मिनिटं). हे धातू. जन्मताच धुळीच्या कणाला चिकटतात, फुप्फुसात गेले तर तिथंच बसतात. आपल्या टिश्यूवर बीटाचे ठोके देत होती ती यांतली शेवटची दोन भावंडं. कागदावर अर्धायुष्यं २७ आणि २० मिनिटांची, पण शिशातून बिस्मथ सतत तयार होत राहत असल्यामुळं दोघं मिळून साधारण अर्ध्या तासात निम्मी होताना दिसतात.

थोरियमच्या साखळीतला भाऊबंद म्हणजे थोरॉन. तो स्वतः मिनिटभरही टिकत नाही, पण त्याच्या पोटी येणारं शिसं-२१२ साडेदहा तासांत निम्मं होतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल. वरून विश्वकिरणही हवेतल्या अणूंवर आदळून नवे अणू घडवत असतात, उदाहरणार्थ बेरिलियम-७ (५३ दिवस).

माणसानं घातलेली भर वेगळी: आयोडीन-१३१ (८ दिवस), सीझियम-१३७ (३० वर्षं), स्ट्रॉन्शियम-९० (जवळजवळ २९ वर्षं). १९६३ च्या अंशतः अणुचाचणीबंदी करारानंतर सह्या करणाऱ्या देशांनी हवेतल्या अणुचाचण्या थांबवल्या, तोवर ही राख जगभर पसरून झाली होती.

पुण्याचं सांगायचं तर आपण दख्खनच्या बेसॉल्टवर राहतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीब. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट या खनिजाच्या वाळूत थोरियम ठासून भरलंय, तसलं इथं काही नाही. घरच्या घरी पडताळा घ्यायचाय? जुन्या वाड्याच्या काळ्या जोत्यावर अर्धा तास मोजा आणि मग एखाद्या गुलाबी ग्रॅनाइटच्या ओट्यावर. ग्रॅनाइट जिंकतो. (‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून विकतात तो बहुतेक वेळा ग्रॅनाइटच नसतो, त्यावर निराशा होईल.)

यंत्र घेताना आणि घेतल्यावर

हौशी माणसाला नळीवालं गायगर काउंटर पुरतं. साधारण चारशे व्होल्टवर चालणारी नळी, तिला जोडलेलं छोटं सर्किट. विद्यार्थी त्याला आर्डुइनो हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड जोडून आकडे आपोआप नोंदवून घेतात. घेताना दोनच गोष्टी बघा: यंत्र सरळ ठोके दाखवतं का, आणि एकूण ठोके मोजत ठेवता येतात का. पडद्यावर फक्त मायक्रोसिव्हर्ट (शरीराला पोचलेल्या किरणांचं एकक) नाचत असतील तर ते यंत्र नको. तो आकडा यंत्र आतल्या आत ठोक्यांना एका ठरावीक गुणकानं गुणून काढतं. गुणक बहुधा सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांसाठी ठरवलेला. टिश्यूवरच्या बीटा कणांना तो लावणं म्हणजे भाजीच्या तागडीवर सोनं तोलणं.

नळी काचेची असेल तर उजेडात ती उगाचच वटवट करू शकते, काळ्या टेपनं झाकून बघा. आणि उघड्या सर्किटला हात लावू नका, चारशे व्होल्टचा झटका लक्षात राहतो. मी एकदा लावलाय.

यंत्र चालतंय की नाही हे तपासायला किरणोत्सारी काहीतरी हवं. त्यासाठी कसलाही ‘स्रोत’ ऑनलाइन मागवू नका. अशा स्रोतांना अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. जुन्या बाजारात रेडियमच्या तबकडीचं घड्याळ किंवा पेट्रोमॅक्सच्या बत्तीची थोरियमवाली जाळी मिळेलही, पण जाळी कुसकरली की तिची धूळ नाकात जाते; वर्गात तर ती आणूच नये. त्यापेक्षा कृषी सेवा केंद्रात जा आणि एक किलो पोटॅश मागा, म्हणजेच म्युरेट ऑफ पोटॅश. शेतकरी वर्षानुवर्षं हातानं फेकतोय ते खत. त्यातल्या निसर्गतःच असलेल्या पोटॅशियम-४० मुळं ग्रॅममागं सेकंदाला पंधराएक अणू फुटत असतात. पिशवी नळीला चिकटून ठेवली की ठोके वाढतात. पहिल्या मिनिटात कळणार नाही, दहा मिनिटं मोजा. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच पिशवीवर तोच प्रयोग केला की यंत्र म्हातारं होतंय का तेही समजतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथंच लोक फसतात. किरणोत्सार हा घड्याळासारखा ठोके देत नाही, पत्र्यावर पडणाऱ्या थेंबांसारखा देतो. सरासरी बावीस असली तरी एखाद्या मिनिटाला पंधरा येतील, एखाद्याला तीस. नियम सोपा: जितके ठोके मोजले त्याचं वर्गमूळ काढा, तेवढा इकडंतिकडं होणारच. २२ चं वर्गमूळ पावणेपाच. त्याच्या दुपटीपर्यंतची उडी, म्हणजे १३ ते ३१, ही उडीच नव्हे. दिवसात १४४० मिनिटं असतात. त्यांतली सत्तरेक मिनिटं या पट्ट्याच्याही बाहेर जातील आणि तरीही काहीच घडलेलं नसेल. ज्यांनी रात्री अडीचला यंत्रावर ३४ बघून घरच्यांना उठवलंय, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

तेच तासभर मोजलं तर १३२० च्या आसपास ठोके होतात, वर्गमूळ ३६. म्हणजे सरासरीतली अनिश्चितता मिनिटामागं अर्ध्या-पाऊण ठोक्यावर आली. घाई सोडली की साधं यंत्रही शहाणं होतं.

वही

जागा एकच ठरवा. माझी जागा बैठकीच्या खिडकीजवळची, जमिनीपासून एक मीटर उंच, भिंतीपासून हातभर लांब. भिंतीतल्या विटा, सिमेंट, फरशी सगळं थोडं थोडं बोलतं, म्हणून जागा बदलली की आकडा बदलतो. दररोज एकच तास, एकाच वेळी. वहीत तारीख, वेळ, एकूण ठोके, मिनिटं, खिडकी उघडी की बंद, पाऊस होता का, वारा कुठून. पाऊस आणि वारा हवामानखात्याच्या शिवाजीनगर किंवा लोहगावच्या नोंदींतून घ्या, डोळ्यांनी ठरवू नका. कात्रजला पडतो तेव्हा औंधात ऊन असतं.

एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा तरी जाऊ द्या. मग वर्षभराचा रोजचा आकडा हातात येतो. मधे एकदा मी सिंहगडावरही तासभर मोजलं. फरक दिसला, पण तो उंचीमुळं वाढलेल्या विश्वकिरणांचा की खालच्या खडकाचा हे सांगता येईना, म्हणून तो आकडा वहीच्या मागच्या पानावर, पिठलं-भाकरीच्या हिशेबाशेजारी पडून आहे.

तीन प्रयोग, तीन ऋतू

पहिला हिवाळ्याचा, फुग्याचा. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी असते आणि पहाटे थंड हवा शहराच्या या वाटीत तळाशी बसून राहते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण. जमिनीतून आलेला रेडॉन वर जाऊ शकत नाही. वाढदिवसाचा फुगा फुगवा, लोकरीच्या स्वेटरवर खसाखसा घासा म्हणजे त्यावर ऋणभार येतो, आणि दोऱ्यानं खोलीच्या मधोमध पाऊण तास टांगा. कुणाचाही हात लागता कामा नये. रेडॉनची ती धातूची पोरं जन्मतात तेव्हा बहुतेक धनभारित असतात, ती फुग्याकडं ओढली जातात. मग गाठीजवळ चिकटपट्टी लावून तिथं टाचणी टोचा, हवा हळूहळू जाऊ द्या, आणि आक्रसलेलं रबर नळीखाली धरा. वर्गात हा प्रयोग मी पुष्कळदा केलाय. टिकटिक वाढायला लागली की शेवटच्या बाकावरचेसुद्धा उठून येतात.

ही काही नवी करामत नाही. १९०१ साली जर्मनीत एल्स्टर आणि गायटेल यांनी ऋणभारित तार हवेत टांगून हेच केलं होतं. फुगा पहाटे सहाला टांगा, दुसरा दुपारी तीनला, आणि ठोके शेजारीशेजारी लिहा. झाकण उघडलं की बंद, ते वहीत दिसतं. पावसाळ्यात मात्र हा प्रयोग करू नका. दमट हवेत भार टिकत नाही आणि मुलांसमोर फजिती होते.

दुसरा प्रयोग बंद खोलीचा, तो वर्षात कधीही चालतो. तळमजल्यावरची खोली रात्रभर बंद ठेवा. सकाळी व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडावर एन-९५ मास्कचं कापड रबरबँडनं ताणून बसवा आणि वीस मिनिटं हवा ओढा. मोटर तापली तर मधे थांबा. कापड काढून ताबडतोब गायगर काउंटरच्या नळीखाली ठेवा, दर पाच मिनिटांचे ठोके दोन तास लिहा. रोजचा आकडा वजा करून आलेख काढला की वक्र उतरताना दिसतो. पण कापड फेकू नका. पाच-सहा तासांनी पुन्हा मोजा. रेडॉनची मंडळी एव्हाना संपलेली असतात, आणि तरीही थोडं काही उरलेलं दिसलं तर ते थोरॉनचं शिसं-२१२. चोवीस तासांनी त्यातलं साधारण पाचवा हिस्सा राहतं. ते इतकं कमी असतं की तासभर मोजावं लागेल, कधीकधी दिसणारही नाही. तीन दिवसांनी काही राहता कामा नये.

हे ‘तीन दिवसांनी काही राहता कामा नये’ म्हणजेच व्यावसायिक प्रयोगशाळांची रीत. सर्वंकष अणुचाचणीबंदी करारासाठी जगभर ऐंशी किरणोत्सार-केंद्रांचं जाळं ठरवलं गेलं. (भारतानं त्या करारावर सही केलेली नाही.) तिथं तासाला किमान पाचशे घनमीटर हवा गाळणीतून दिवसभर ओढतात, मग गाळणी जवळजवळ एक दिवस नुसती ठेवून देतात, आणि मगच दिवसभर मोजतात. ठेवून देण्याचा तो दिवस कशासाठी? रेडॉन-थोरॉनचा गोंगाट निवावा, आणि खाली एखादा परका आवाज असेल तर तो ऐकू यावा.

तिसरा प्रयोग पावसाचा, तो वर आलाच. केंब्रिजला सी. टी. आर. विल्सन यांनी १९०२ मध्ये ताजं पावसाचं पाणी आटवून हेच पाहिलं: अर्ध्या तासात निम्मं. आपण आटवत बसत नाही, गाडीचा टप पुसतो. पाऊस थांबल्या थांबल्या पुसा, कारण पाच-पाच मिनिटांचा उशीरही महागात पडतो. आणि पुण्यात एक गंमत जरूर करून बघा. मे महिन्यातल्या वळवाचा टिश्यू आणि जुलैतल्या संततधारेचा टिश्यू, दोन्ही मोजा. वळवाचे ढग बऱ्याच अंशी जमिनीवरच्या हवेचे, तापलेल्या मातीतून निघालेला रेडॉन त्यांत भरपूर. मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात, आणि समुद्राच्या पृष्ठभागातून रेडॉन जमिनीच्या मानानं शंभरेक पट कमी निघतो. माझ्या वहीत जुलैचे टिश्यू अगदीच मिळमिळीत आहेत. हवा कुठून आली हे ठोक्यांवरून कळतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

खरी गळती असती तर?

सोव्हिएत युक्रेनमधली चेर्नोबिलची अणुभट्टी २६ एप्रिल १९८६ ला फुटली. सोव्हिएत सरकार गप्प होतं. २८ तारखेला सकाळी हजारएक किलोमीटर लांब स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीजकेंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळं तपासणी यंत्र वाजलं. आधी त्यांना वाटलं आपल्याच केंद्रात गळती आहे. कुठले किरणोत्सारी अणू आहेत ते तपासलं, वारे बघितले, आणि बोट पूर्वेकडं गेलं. २०१७ च्या शरदात युरोपभर रुथेनियम-१०६ सापडलं तेव्हाही तसंच. प्रमाण आरोग्याला धोका होण्याइतकं नव्हतं, पण बाकी काही नसताना एकटं रुथेनियमच आहे, एवढ्यावरून हे अणुभट्टी फुटल्याचं लक्षण नाही हे तज्ज्ञांनी ओळखलं.

ठोके किती यापेक्षा ठोके कुणाचे, हा प्रश्न मोठा. आपलं यंत्र नाव सांगू शकत नाही. त्यासाठी गॅमा किरणांची ऊर्जा मोजणारा वर्णपटमापक लागतो. आपल्या हाती नावाऐवजी वेळ आहे. म्हणून वाढ दिसली की क्रम असा: यंत्र पोटॅशवर तपासा. पाऊस पडला का ते बघा. टिश्यू किंवा गाळणीचं कापड स्वच्छ पिशवीत बंद करून त्यावर तारीख-वेळ लिहा. अर्ध्या तासानं मोजा, सहा तासांनी मोजा, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी. चौथ्या दिवशीही ठोके तसेच असतील, तर ती पिशवी उघडू नका, ग्रुपवर फोटो टाकू नका. भौतिकशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाकडं वहीसकट जा. आजवर माझ्यावर ती वेळ आलेली नाही.

या यंत्राला काय दिसत नाही तेही मुलांना सांगा. नळी जाड असेल तर अल्फा कण आतच शिरत नाहीत. ट्रिटियमचा (किरणोत्सारी हायड्रोजनचा) बीटा इतका दुबळा की दारातच अडतो. हवेत रेडॉन घनमीटरला किती बेकेरेल, म्हणजे सेकंदाला किती अणू फुटतात, हेही गायगर काउंटर सांगत नाही.

आता लोकांना सांगायचं

मोजण्यापेक्षा हे अवघड. पहिल्यांदा मी ग्रुपवर ‘घाबरण्याचं कारण नाही’ असं लिहिलं होतं. त्याचा परिणाम असा झाला की ज्यांनी मूळ मेसेज वाचलाही नव्हता तेही घाबरले. ‘घाबरू नका’ हे शब्द माणूस आग लागल्यावर ऐकतो. ते वाक्य कायमचं काढून टाका. त्याजागी तीन गोष्टी द्या: आजचा आकडा, रोजचा आकडा, आणि पुढची मोजणी कधी. माझा आताचा मेसेज असा असतो:

‘आज सायं. ६ ते ७, आपल्या इमारतीत मिनिटाला सरासरी २३ ठोके. गेल्या मे महिन्याची याच जागेची सरासरी २२. ५.४० ला पाऊस झाला. पावसानंतर तासभर थोडी वाढ नेहमी दिसते. पुढची मोजणी रात्री १० वाजता, आकडा इथंच टाकेन. ज्यांना बघायचंय त्यांनी खाली या.’

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. जो माणूस स्वतः आकडा वाचतो, तो दुसऱ्या दिवशी दुकानात चार जणांना सांगतो. अध्यक्ष काकांनी ते माझ्यापेक्षा चांगलं केलं.

‘पट’ हा शब्द जपून वापरा. पाच रुपयांचा कढीपत्ता पंधराला मिळाला तर तो तिप्पट झाला, म्हणून कुणी घर गहाण टाकत नाही. किती पट, याच्या आधी कशाच्या किती पट ते सांगा.

एककं समजावताना मी दिवाळीतली माळ वापरते. सेकंदाला किती फटाके फुटले ते बेकेरेल. तुमच्या कानाला किती झळ पोचली ते सिव्हर्ट. ते तुम्ही किती लांब होतात, किती वेळ होतात आणि लवंगी होती की सुतळी बॉम्ब यावर ठरतं. जगभरात माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, आणि त्यांतला जवळजवळ निम्मा वाटा रेडॉन आणि त्याच्या पोरांचा. हे एक वाक्य मी प्रत्येक व्याख्यानात सांगते, कारण ‘शून्य रेडिएशन’ हवं असं म्हणणाऱ्याला तशी जागा पृथ्वीवर मिळणार नाही.

केळ्याचं उदाहरण मात्र देऊ नका. केळ्यातही किरणोत्सार असतो हे खरं. पण शरीर पोटॅशियमचं प्रमाण राखतं, जास्तीचं बाहेर टाकतं, म्हणून ती तुलना फसवी. शिवाय काळजीत असलेल्या आईला ‘केळं खाता ना, मग?’ असं म्हणणं म्हणजे तिची थट्टा.

प्रश्न विचारणाऱ्याचं म्हणणं पुरतं ऐका. पुष्कळदा विचारायचं वेगळंच असतं. एका बाईंनी तारापूरबद्दल तावातावानं विचारलं. १९६९ पासून वीज देणारं ते केंद्र पुण्यापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत आहे हे मी सांगत राहिले. शेवटी कळलं की त्यांच्या मुलाची नोकरी तिकडं लागली होती.

दाखवायची संधी शोधा. विज्ञान दिनाला खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात शाळांची प्रदर्शनं भरतात, तिथं फुग्याचा प्रयोग खपतो. फेब्रुवारी अजून पुरेसा कोरडा असतो. तिथंही ‘रेडिओ म्हणजे रेडिएशन का?’ हे विचारणारं कुणीतरी भेटतंच.

आणि समजा, खरंच सरकारी सूचना आली तर? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप आणि जिल्हा प्रशासन, यांचंच ऐका. घरात जा, दारंखिडक्या लावा, एसी आणि पंखा-एक्झॉस्ट बंद करा, बाहेरून आलेले कपडे पिशवीत बांधा, अंघोळ करा. आयोडीनच्या गोळ्या सांगितल्याशिवाय घेऊ नका, आणि जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध तर अजिबात पिऊ नका. दुधाबद्दलची सूचना मात्र काटेकोर पाळा. चेर्नोबिलच्या आसपास मुलांच्या गळ्यातल्या ग्रंथीचे कर्करोग वाढले, ते मुख्यतः आयोडीन-१३१ गवतावर पडून, गाईच्या पोटातून दुधात उतरल्यामुळं. तळेगावजवळ सुदुंबरे इथं राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. अशा प्रसंगाचं प्रशिक्षण त्या दलाला असतं.

परवा काका पुन्हा आले. छत्री नव्हती, आवाजही खाली. “मॅडम, ते रेडॉनचं तुम्ही म्हणालात... आमची झोपायची खोली तळमजल्यावर, खिडकी डासांमुळं कायम बंद. तिथं किती असेल?”

त्यांना सांगितलं ते इथंही लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेनं घरातल्या हवेसाठी घनमीटरला १०० बेकेरेल ही संदर्भपातळी सुचवली आहे. ते मोजायला अल्फा कणांचे ओरखडे टिपणारी फिल्म लागते, ती खोलीत दोन-तीन महिने ठेवून मग प्रयोगशाळेत वाचून घ्यायची, कारण रेडॉन दिवसादिवसाला बदलतो. तोवर गाळणीच्या कापडानं बंद खोली आणि उघडी खोली यांची तुलना करता येईल. सोमवारी सकाळी सातला व्हॅक्यूम क्लीनर घेऊन जाणार आहे. काकांनी त्याआधीच सुताराला बोलावून खिडकीला जाळी बसवून घेतली, आता रविवारी रात्री ती खिडकी मुद्दाम बंद ठेवा म्हणून मला त्यांची मनधरणी करायचीय.